परमुलखातील शाळा पाहणे

देवणीच्या आमच्या मंडळीतील एक वडील बंधू पुढील महिन्यात मुलाकडे परदेशी जाणार आहेत. गेल्या रविवारी उपासना आटोपल्यावर ते मजपाशी थांबले व म्हणाले, "पाळकसाहेब, तिकडे गेल्यावर तेथील एखादी शाळा पाहून यावी असे मनात आहे. मुलांकरिता बरोबर काय न्यावे?" प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याच्या पोटी दुसरा एक प्रश्न आहे, तो असा की, प्रवाशाने परक्या मुलांच्या वर्गात कोणत्या नात्याने पाऊल टाकावे?

ह्या नात्याची दुसरी बाजू मला लहानपणीच कळली. मी तिसरीत असताना आमच्या शाळेत काही परदेशी पाहुणे आले होते. आदल्या दिवशी शाळा सारविली. सकाळपासून आम्हांस उन्हात रांगेने उभे करून गाणे म्हणविले. पाहुण्यांनी प्रेमाने गोळ्या वाटल्या, छायाचित्रे घेतली, आणि घटकाभरात ते निघून गेले. त्यांच्या मनात वाईट होते असे मी म्हणणार नाही. परंतु त्या दिवशी गणिताचा धडा बुडाला, आणि आमच्यापैकी एकाचेही नाव कोणी विचारले नाही. गोळीची गोडी मी केव्हाच विसरलो. सदऱ्याचे तुटलेले बटण हाताने झाकून मी छायाचित्रास उभा राहिलो होतो, ते मात्र विसरलो नाही. पाहणारा निघून जातो. ज्यास पाहिले त्याजपाशी काय उरते, याचा विचार पाहणाऱ्याने आधी करावयास नको काय?

आता पंडिता रमाबाईंचे उदाहरण पाहा. इ. स. १८८६ च्या आरंभी त्या इंग्लंडाहून अमेरिकेस गेल्या, त्या फिलाडेल्फिया येथे आनंदीबाई जोशी यांस वैद्यकीची पदवी मिळावयाची होती, तो समारंभ पाहण्याकरिता. थोड्या दिवसांचा तो मुक्काम वाढत वाढत तीन वर्षांच्या घरात गेला. तेथील शाळा त्यांनी पाहिल्या, आणि फ्रोबेल नामक जर्मन शिक्षकाने काढलेली बालोद्यानाची पद्धत त्यांच्या मनात भरली. लोकरीचे रंगीत चेंडू आणि लाकडी ठोकळे हाताळता हाताळता लहान मूल रंग, आकार व संख्या ओळखू लागते, अशी ती पद्धत आहे. कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ साली जिला पंडिता व सरस्वती म्हणून गौरविले, ती संस्कृतज्ञ स्त्री वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी हे चेंडू-ठोकळे शिकण्याकरिता विद्यार्थिनी होऊन वर्गात बसली! दारात उभे राहणाऱ्यास चेंडू दिसतो. तो मुलाच्या हाती केव्हा व कशासाठी द्यावयाचा, हे बसल्यावाचून कळत नाही.

शिकावयास गेल्या म्हणून त्यांनी डोळे मिटले नाहीत. अमेरिकेविषयी त्यांनी लिहिलेले मराठी पुस्तक १८८९ साली प्रसिद्ध झाले. त्यात स्तुती पुष्कळ आहे. तथापि त्या देशाच्या मूळ रहिवाशांशी व काळ्या लोकांशी गोरे लोक कसे वागले, हेही त्यांनी झाकून ठेविले नाही. त्याच वर्षी मार्चच्या ११ तारखेस मुंबईत त्यांनी शारदासदन उघडले. (परदेशाहून परतलेल्यांची भाषणे मी बरीच ऐकली आहेत. तिकडील शाळांची स्वच्छता आणि आपल्या शाळांची घाण, एवढ्यावरच बहुतेकांचे भाषण संपते.)

परक्याची शाळा पाहावयास समुद्र ओलांडावाच लागतो असेही नाही. जोतीराव फुले अहमदनगरास जाऊन अमेरिकन मिशनच्या मिस फॅरार यांची मुलींची शाळा पाहून आले, आणि १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. आपल्या देवणीपासून कर्नाटकाची हद्द किती दूर आहे? पलीकडे भालकीच्या बाजूस कानडी शाळेत पहिलीची अक्षरे कशी गिरवितात, हे आपल्यापैकी कितीजणांनी पाहिले आहे?

असो. त्या बंधूंस मी सांगितले की, बरोबर काही नेऊ नका. पुष्कळ देशांत अनोळखी मनुष्यास शाळेत सहज जाऊ देत नाहीत. तेव्हा मुलाकडून आधी पत्र लिहवून परवानगी मागा, आणि नाही म्हटले तर त्यात अपमान मानू नका, कारण ती मुलांची राखण आहे. आत जाऊ दिलेच तर मागील बाकावर बसा. आईबापांच्या संमतीवाचून कोणा मुलाचे छायाचित्र घेऊ नका. काही द्यावेसे फारच वाटले, तर शिक्षकांस विचारून द्या.

त्यांनी मान हलविली व विचारले, "आणि तेथील शिक्षकांनी आपल्या इकडच्या शाळेविषयी विचारले तर?" मी म्हणालो, "खरे ते सांगा. गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत यंदा पहिलीत किती मुले आहेत?" ते गप्प राहिले. त्यांनी तोच प्रश्न उलट मला केला असता, तर मजपाशीही उत्तर नव्हते. मुख्याध्यापकांस विचारून येत्या सोमवारी सकाळी आम्ही दोघे तेथे जाणार आहो.