विश्वजित यज्ञात न देता येणारी भूमी

विश्वजित नावाच्या यज्ञात यजमानाने आपले सर्वस्व दक्षिणा म्हणून देऊन टाकावे असे विधान आहे, आणि या सर्वस्वात काय काय येते याची चिकित्सा जैमिनींच्या मीमांसासूत्रांत, सहाव्या अध्यायाच्या सातव्या पादात, केलेली आढळते. आईबाप यजमानाचे असले तरी ते त्याला देता येत नाहीत, कारण त्यांच्यावर त्याची सत्ता चालत नाही. हे सहज पटण्यासारखे आहे. परंतु यानंतर लगेच भूमीचा प्रश्न उपस्थित होतो, आणि तेथे सूत्रकार जो निर्णय देतात तो वाचून, आजवर भूदानाच्या पुण्याची वर्णने ऐकत आलेला आपल्यासारखा मनुष्य क्षणभर थबकतो. भूमी देता येत नाही, कारण तिच्याशी असलेला सर्वांचा संबंध सारखाच आहे, असे ते म्हणतात.

भाष्यकार शबरस्वामी एवढ्यावर थांबत नाहीत. सामान्य यजमानाला भूमी देता येत नसेल, पण सार्वभौम राजाला तरी ती देता यावी, अशी शंका ते स्वतःच काढतात आणि तिचाही निषेध करतात. मनुष्ये आपापल्या शेतांची धनी असलेली दिसतात, अखिल पृथ्वीचा धनी मात्र कोणीच दिसत नाही. भूमीच्या उपभोगापुरते पाहिले तर सार्वभौमाचा अधिकार इतरांच्या अधिकाराहून तसूभरही मोठा नाही. त्याच्यापाशी अधिक असे एकच आहे : भूमीवर उगवलेल्या भाताचे व इतर धान्यांचे तो रक्षण करतो, आणि त्या रक्षणाबद्दल नेमून दिलेला पिकाचा भाग त्याला मिळतो. राजाचा वाटा हे रक्षणाचे वेतन आहे, मालकीचा खंड नव्हे; आणि लहान शेतकऱ्याच्या हक्कांविषयी जे काही बोलायचे ते या भेदापासूनच सुरू झाले पाहिजे, असे माझे मत आहे.

हा विचार पोथीतच राहिला असेही नाही. मूळ पैठणच्या आणि पुढे काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठभट्टांनी सतराव्या शतकात रचलेला व्यवहारमयूख हा ग्रंथ इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालये प्रमाण मानीत असत, आणि महामहोपाध्याय काण्यांनी त्याची साक्षेपी आवृत्ती काढून तो अभ्यासकांच्या हाती दिला. या ग्रंथात मीमांसकांचाच निर्णय व्यवहाराच्या भाषेत उतरला आहे : गावातील शेतांचे स्वामित्व त्या त्या भूमिधारकांचे असते, राजाला केवळ कर घेण्याचा अधिकार असतो, आणि म्हणून राजाने एखादे गाव इनाम दिले तर त्याने भूमी दिली असे होत नाही, त्या कराच्या उत्पन्नातून एखाद्याच्या निर्वाहाची तजवीज केली एवढेच होते. पेशवाईतील मिरासदाराची, म्हणजे थळकऱ्याची, स्थितीही याच दृष्टीने पाहावी. सारा भरीत असेतो त्याला कोणी हुसकावू शकत नसे, आणि दुष्काळात परागंदा झालेला मिरासदार पुष्कळ वर्षांनी परतला तरी त्याचे थळ मागण्याचा त्याचा हक्क गाव मानीत असे. मिरास नसलेल्या उपऱ्याला मात्र हे संरक्षण नव्हते, आणि ही गोष्ट विसरून त्या काळाचे गोडवे गाणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

शास्त्राचा सूर सर्वत्र एकच आहे असा दावा मी करीत नाही. भूमिगत निधीत राजाचा हिस्सा सांगताना मनुस्मृती त्याला भूमीचा अधिपती म्हणते, आणि राजा भूस्वामी आहे म्हणूनच तो षड्भागाचा, म्हणजे पिकाच्या सहाव्या हिश्शाचा, अधिकारी आहे असे मानणारे स्मृतिकारही आहेत. शिवाय ज्या मनूने राजाला अधिपती म्हटले, त्याच मनूने जंगल तोडून खुंट काढणाऱ्याचे शेत त्याचेच, असाही निर्वाळा दिला आहे. अशा परस्परविरोधी वचनांतून निवड करताना प्रत्येक पिढीचा स्वभाव प्रकट होतो. कंपनी सरकारने राजा हाच जमिनीचा मूळ मालक हे मत आपल्या सोयीने उचलले, रयतेने भरावयाच्या साऱ्याला खंडाचे रूप दिले, आणि तीस तीस वर्षांच्या मुदतबंदीत शेतकऱ्याला कब्जेदार म्हणून नोंदून ठेवले.

याहून कठोर आक्षेप दुसराच आहे आणि तो टाळून पुढे जाणे मला शक्य नाही. सहाव्या अध्यायाच्या ज्या सातव्या पादात भूमी सर्वांची आहे असे ठरते, त्याच अध्यायाच्या पहिल्या पादात शूद्राला यज्ञाचा अधिकार नाकारलेला आहे. ज्याच्या श्रमाने व्रीही, म्हणजे भात, पिकत होता त्याला त्या व्रीहीच्या पुरोडाशापाशी, म्हणजे यज्ञातल्या हवीपाशी, उभे राहता येत नव्हते, आणि भूमी सर्वांना सारखी हे सांगणाऱ्या पंडितांच्या वंशजांपैकी पुष्कळांचे पोट इनाम गावांच्या उत्पन्नावर चालत होते. १८८३ साली सिद्ध झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जोतीराव फुल्यांनी जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींत कुणब्याकडून काय काय उकळले जाते याचा जो ताळेबंद मांडला, तो धर्माच्या नावे चाललेल्या व्यवहाराचा पंचनामाच आहे. मीमांसेतला न्याय मला पूज्य वाटतो तो या पंचनाम्यासह, त्याला वगळून नव्हे. किंबहुना फुल्यांनी मागितले ते हेच होते, की पिकाचा वाटा घेणाऱ्या भटाने आणि सरकारी कामगाराने त्या वाट्याच्या मोबदल्यात शेतकऱ्याला काय दिले ते दाखवावे.

राजाचा वाटा हे रक्षणाचे वेतन असेल तर रक्षण न करणाऱ्याला वेतन घेण्याचा अधिकार उरत नाही, हे ओघानेच आले. स्मृतींनी ते स्पष्ट सांगितले आहे : प्रजेचे रक्षण न करता षड्भाग घेणारा राजा प्रजेचे पाप आपल्या माथी घेतो. त्यांनी ते नुसत्या पापपुण्यावर सोडले नाही. चोरीस गेलेला माल राजाला शोधून आणता आला नाही, तर त्याने तो आपल्या कोशातून भरून द्यावा असा दंडकही त्यांनी घालून दिला. दोन एकर जिरायत करणाऱ्या माणसाला पीक बुडाल्यावर जी भरपाई मिळते, किंवा भाव कोसळल्यावर त्याच्याकडून जी खरेदी होते, तिला अनुदान, सवलत, दिलासा अशी नावे देऊन दात्याच्या आविर्भावात तिचा उच्चार करणाऱ्या आजच्या राज्यकर्त्यांनी हा दंडक वाचावा असे मला मनापासून वाटते. भरपाई हे देणे आहे. ते उशिरा पोहोचले तर कुचराई देणेदाराची होते, आणि घेणाऱ्याने कृतज्ञतेने हात जोडण्याचे कारण उरत नाही.

दान आणि देणे यांतील हा भेद विसाव्या शतकाने प्रत्यक्ष पाहिला आहे. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील गागोद्यात जन्मलेल्या विनोबांना १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे पहिली शंभर एकर जमीन मिळाली, आणि पुढे त्यांनी देशभर पायी हिंडून पाच कोटी एकर मागितले. त्या तपश्चर्येपुढे मी नम्र आहे. तथापि त्याच कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरी गावी, १९३३ पासून १९३९ पर्यंत कुळांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा संप चालविला होता. त्यांनी दान मागितले नाही, अर्धेलीच्या आणि वेठीच्या जुलमाला नकार दिला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, तेव्हा त्यातही याचना नव्हती. शबरस्वामींच्या युक्तिवादाला जवळची वाट मला चरीची वाटते, पोचमपल्लीची नव्हे. कारण जी वस्तू देण्याचा अधिकारच कोणाला नाही तिचे दान घेणाऱ्याला आयुष्यभर उपकाराखाली वाकवून ठेवते.

कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कुळाला मालक ठरविले आणि आकाराच्या वीस पटीपासून दोनशे पटीपर्यंत किंमत ठरवून दिली. परंतु तोवर कित्येक कुळांनी 'स्वेच्छेने' राजीनामे देऊन जमिनी परत केल्या होत्या, आणि वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी पुण्याच्या गोखले संस्थेतर्फे केलेल्या पाहणीने त्या स्वेच्छेवरचा पडदा दूर केला. ज्याला वाचता येत नाही आणि ज्याच्या घरची चूल सावकाराच्या मर्जीवर पेटते, त्याच्या अंगठ्याला इच्छा म्हणणे हा न्यायाचा अपमान होता.

आज देशातील शंभरातली सुमारे शहाऐंशी खाती दोन हेक्टरांच्या आतली आहेत. कुळकायद्याच्या भीतीने मालक लेखी करार करीत नाही, म्हणून बटईने अगर ठोक्याने दुसऱ्याचे रान करणारा माणूस कागदावर कोठेच नसतो. त्याला पीककर्ज नाही, विमा नाही, आणि गारपिटीची भरपाई आली तर ती मालकाच्या खात्यावर जमा होते. नवऱ्याच्या आत्महत्येनंतर तेच शेत कसणारी सूनही, जमीन सासऱ्याच्या नावे असल्यामुळे, याच अंधारात उभी असते. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १७ डिसेंबर २०१८ रोजी शेतकऱ्यांच्या हक्कांचा जो जाहीरनामा संमत केला, त्यात जमिनीचा आणि बियाण्याचा हक्क शब्दांत आला आहे. आपल्या २००१ च्या कायद्यानेही शेतकऱ्याला आपले बी राखण्याची, पेरण्याची, देण्याघेण्याची मुभा ठेवली आहे. परंतु हक्क ज्याच्या नावे नोंदायचा ते नावच दप्तरात नसेल तर जाहीरनामा कोणाच्या दारात पोहोचणार?

सात-बाराच्या सातव्या नमुन्यात हक्क लिहिले जातात आणि बाराव्यात पिके. बाराव्या नमुन्यात पिकाच्या नावाशेजारी ते पीक खरोखर कोणी काढले त्या माणसाचे अथवा बाईचे नावही दर हंगामाला लिहिले जावे, आणि तेवढ्या नोंदीने मालकाची मालकी धोक्यात येणार नाही अशी हमी कायद्याने द्यावी; म्हणजे भरपाई आणि कर्ज कसणाऱ्याकडे जाईल, आणि मालकाला कुळहक्काच्या भीतीने त्याला दर दोन वर्षांनी हलविण्याचे कारण राहणार नाही. ही मागणी क्रांतिकारक नाही. ती मान्य करण्यास नवे तत्त्वज्ञानही लागत नाही. पिकाच्या रक्षणाबद्दल वाटा घेणाऱ्या राज्याने, आपण रक्षण कोणाचे करावयाचे आहे हे आधी लिहून घ्यावे, एवढेच लागते.