काय घेतलंय, ते आधी सांगा

जून २०१८. खालापूर तालुक्यातल्या महड गावात एका घरी वास्तुशांतीचं जेवण होतं. हे वरदविनायकाचं महड, पनवेलहून तासाभराच्या आतलं. जेवून घरी गेलेल्या माणसांना उलट्या सुरू झाल्या आणि खोपोली, पनवेल, नवी मुंबई, जिथे खाट मिळेल तिथे त्यांना हलवावं लागलं. ऐंशीहून अधिक माणसं आजारी पडली. पाच दगावली, त्यांत लहान मुलं होती. सुरुवातीला बातमी आली ती अन्नातून विषबाधा झाल्याची. जेवणातल्या डाळीत कीटकनाशक मिसळलं होतं, हे पुढे पोलीस तपासात उघड झालं. त्यानंतर जी चर्चा झाली ती सगळी गुन्ह्याची: कुणी केलं, का केलं, कसला राग होता.

मला त्या मधल्या तासांबद्दल बोलायचं आहे. खराब अन्नानेही उलट्या होतात आणि कीटकनाशकानेही. उपचार मात्र सर्वस्वी वेगळे. पोटात काय गेलंय हे कळेपर्यंत डॉक्टरला लक्षणांवरून अंदाज बांधत पुढे जावं लागतं. महडमध्ये ते विष मिसळणाऱ्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. पण विषबाधेचे कितीतरी रुग्ण असे येतात की काय घेतलंय ते घरातल्या एकाला तरी पक्कं माहीत असतं, आणि तो माणूस गप्प असतो. ही गप्प राहण्याची सवय आपण मोडली नाही, तर रुग्णालयं कितीही वाढवली तरी माणसं हातची जात राहतील, असं माझं ठाम मत आहे.

पनवेल हे नाक्यावरचं गाव. पुण्याचा जुना रस्ता, द्रुतगती मार्ग, गोव्याचा महामार्ग सगळे इथे येऊन मिळतात. कर्जत, खालापूर, उरण, पेणकडचा रुग्ण ‘पुढे न्या’ म्हटलं की बऱ्याचदा इकडेच येतो: पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात, कामोठ्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात किंवा खाजगीत. वाडीवरून निघालेला माणूस इथे पोचेपर्यंत दोन दवाखाने झालेले असतात. पहिल्या ठिकाणी ‘चक्कर आली’ सांगितलेलं असतं, दुसऱ्या ठिकाणी ‘जेवण बाधलं’. तिसऱ्या ठिकाणी डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, तोंडातून फेस, अंग घामाने निथळतंय, असं पाहून डॉक्टरच विचारतात, ‘फवारणीचं औषध घेतलंय का?’ तेव्हा कुठे मागे उभी असलेली एखादी काकी पिशवीतून डबा बाहेर काढते. तो डबा पहिल्यापासून तिच्याजवळच होता.

हे औषध शरीरात काय करतं ते समजलं, तर त्या डब्याची किंमत कळेल. कीटकनाशकांचा ऑर्गॅनोफॉस्फेट नावाचा गट आहे. मज्जातंतूंनी स्नायूंना आणि ग्रंथींना दिलेला निरोप पोचला की तो पुसून टाकणारं एक विकर आपल्या शरीरात असतं. हे रसायन त्या विकरालाच निकामी करतं. निरोप पुसला जात नाही, लाळ आणि घाम थांबत नाही, फुप्फुसांत पाणी झिरपत राहतं आणि माणूस आपल्याच स्रावांत गुदमरतो. यावर अ‍ॅट्रोपिन हे जुनं, स्वस्त इंजेक्शन आहे. दर पाच मिनिटांनी छाती तपासत मात्रा दुप्पट करत जायचं, छातीतली घरघर थांबून ती कोरडी होईपर्यंत. उशाशी जागा राहणारं माणूस हवं, एवढाच याचा मोठा खर्च.

आणि धोका तिथे संपत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्ण शुद्धीवर असतो, चहा मागतो, नातेवाईक घरी न्यायची घाई करतात. त्याच वेळी सिस्टर येऊन सांगते, ‘दादा, उशीवरून मान उचला बघू.’ मान उचलली तर बरं. नुसती थरथरून पुन्हा टेकली, तर तिचा चेहरा बदलतो, कारण मानेचे स्नायू दुबळे पडले की पाठोपाठ श्वासाचे स्नायू थकू शकतात. मग व्हेंटिलेटर लागतो. हे माहीत नसलेली मंडळी नेमकी याच वेळी ‘आता बरा आहे’ म्हणत सुट्टी मागतात. प्रत्येक विषावर एक ‘उतारा’ असतो आणि तो टोचला की काम झालं, ही आपली समजूत सिनेमांनी पक्की केली आहे. प्रत्यक्षात थोड्याच विषांना नेमका उतारा आहे. बाकी सारं श्वास चालू ठेवणं, रक्तदाब सांभाळणं आणि शरीराला वेळ मिळवून देणं.

घरचे उपाय तर हाच वेळ खातात. मिठाचं पाणी पाजून ओकायला लावणं, घशात बोटं घालणं, दूध-तूप पाजणं. रॉकेल, थिनर किंवा अ‍ॅसिड पोटात गेलं असताना ओकवलं तर ते वर येताना पुन्हा अन्ननलिका जाळतं किंवा फुप्फुसात उतरतं. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीच घालू नये. त्याला कुशीवर वळवावं, १०८ ला फोन लावावा आणि डबा, बाटली, गोळ्यांचं पाकीट, जे हाती लागेल ते सोबत घ्यावं. थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत फिनेल किंवा थिनर भरून ठेवायची आपली सवय लहान मुलांना फार महागात पडते. तिथे तर बाटलीवरचं नावही खोटं असतं.

दारूच्या बाबतीत लपवणं आणखी सोपं, कारण ‘झोपू दे, सकाळी उतरेल’ असं म्हणायला घर तयारच असतं. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. यकृतात त्याचं फॉर्मिक अ‍ॅसिड होतं आणि ते डोळ्यांच्या मज्जातंतूवर उठतं. पण पहिले काही तास ती नशा साधीच वाटते. धूसर दिसणं, पोटात कळा, धाप हे सगळं बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी. वेळेत पोचलेल्याला फोमेपिझोल किंवा चक्क मोजून दिलेलं इथेनॉल, आणि डायलिसिस, यांनी वाचवता येतं. उशीर झालेला वाचला तरी दृष्टी गमावून बसू शकतो. आपल्याकडे महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे प्यायलासुद्धा परवाना लागतो. हातभट्टीची प्यायलो हे सरकारी दवाखान्यात सांगायला मजूर माणूस कचरतो, यात नवल नाही.

फार्महाऊसवरच्या पोरांचीही तीच गत. २०११ मध्ये खालापूरजवळच्या रिसॉर्टवर रेव्ह पार्टीचा छापा पडला, त्याची पेपरांत किती तरी दिवस चर्चा होती. अशा बातम्यांतून पोरं एवढंच शिकतात की पकडलं जायचं नाही. मग सोबतचा निळा पडत चालला, घोरणं विचित्र झालं, तरी मित्र गाडी काढत नाहीत. अफूजन्य पदार्थांनी श्वास मंदावला असेल तर नॅलॉक्सोन काही मिनिटांत माणूस परत आणू शकतं, पण काय घेतलं ते कुणी बोललं तर.

पोलिसांची भीती खोटी नाही. पण जेवढी वाटते तेवढी खरीही नाही. विषबाधेची ‘एमएलसी’ होते, म्हणजे रुग्णालय पोलिसांना कळवतं. त्यासाठी उपचार थांबवायचे नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केलं आहे. जीव देण्याचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरावं आणि त्याला शिक्षा करू नये, असं २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. हे दाराशी उभ्या नातेवाइकाला कुणी सांगतं का? केस पेपर काढायच्या खिडकीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत एवढं लिहायला काय हरकत आहे? आशाताईंच्या बैठकीत हे सांगता येईल. कृषी सेवा केंद्रातला दुकानदार डबा देताना ‘याच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा’ म्हणू शकतो. दिल्लीच्या एम्समधल्या विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा क्रमांक तालुक्यातल्या प्रत्येक दवाखान्यात भिंतीवर असू शकतो.

आणि एक गोष्ट रुग्णालयांनीच करायची आहे. लग्न झालेली बाई खाटेवर असते, भोवती नवरा, सासू, नणंद. ‘काय झालं?’ विचारलं की ती म्हणते, ‘अंधारात चुकून प्यायले.’ त्या गर्दीत ती दुसरं काय सांगणार? नातेवाइकांना पाच मिनिटं बाहेर बसवून सिस्टरने तिला एकटीला विचारावं: काय घेतलंस, किती, केव्हा, आणि तब्येत सावरल्यावर, का. घरी पाठवण्याआधी १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक तिच्या हातात द्यावा. तिची तयारी असेल तर पहिला फोन वॉर्डातूनच लावून द्यावा.