गिधाडांची सोयरीक

हे मनन सकाळी दहाच्या सुमाराला, मोकळ्या आकाशाखाली बसून करावे. भल्या पहाटे करून उपयोग नाही. रुंद पंखांचा जड पक्षी पहाटे उडत नाही. जमीन तापावी लागते, तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढू लागावी लागते; मग तो फांदी सोडतो आणि त्या चढत्या हवेत गोल गोल फिरत उंच जातो. तोवर पंख अर्धे पसरून, उन्हाकडे पाठ करून बसून राहतो. आपणही तसेच बसू या. घाई कशाचीच नाही.

डोळे मिटू नका. गच्ची असो, एसटी स्टँड असो, थोड्या वेळात डोक्यावर एक घार येईलच. तिच्या शेपटीकडे पाहा. शेपटीची मागची कड आत खाचलेली आहे. घार वळते तेव्हा पंख जवळजवळ हलत नाहीत; शेपटी तेवढी एका अंगावर कलते, सरळ होते, दुसऱ्या अंगावर कलते. काही वेळ नुसते एवढेच पाहत राहा.

आता मनात ‘शिकारी पक्षी’ हे शब्द उमटतील. उमटू द्या, पण लगेच पुढे जाऊ नका. ही घार शिकार किती करते? मटण मार्केटच्या मागे टाकलेले आतडे ती उचलते, मेलेला उंदीर उचलते, कधी जिवंत पिल्लूही उचलते. शिकार करणारे एकीकडे आणि मेलेले खाणारे दुसरीकडे, अशी जी रेघ आपण मनात ओढलेली असते, ती पहिल्याच पक्ष्याने पुसली. पुसली जाऊ द्या.

मग पक्ष्यांचे गट पाडायचे कशावरून?

१७५८ साली कार्ल लिनियसने शिकारी पक्ष्यांचा एक गट केला आणि त्यात चार प्रकार बसवले. गिधाडे एक, ससाणे-गरुड-घारी मिळून दुसरा, घुबडे तिसरा, आणि चौथा खाटीक. खाटीक तुम्ही पाहिला असेल. बुलबुलाएवढा पक्षी, डोळ्यावरून काळी पट्टी, चोचीचे टोक आकडीसारखे वाकडे. नाकतोडा नाहीतर सरडा पकडतो आणि बाभळीच्या काट्याला टोचून ठेवतो. लिनियसने त्याची चोच पाहिली, वागणूक पाहिली आणि त्याला गरुडाच्या पंक्तीला बसवले. आज खाटकाची जागा कावळ्यांच्या आसपास मानतात. तरीही लिनियसला हसू नका. समोरचा काय करतो यावरून तो कोण हे ठरवणे ही आपलीही रोजची सवय आहे. तिच्याकडे जरा वेळ पाहा.

आता ससाणा मनात आणा. तो लांब असला तरी त्याच्या चोचीपाशी जा. वरच्या चोचीच्या कडेला, टोकाच्या थोडे मागे, दातासारखा एक उंचवटा आहे. ससाणा भक्ष्य पायांनी धरतो, पण त्याचा जीव या दाताने मान मोडून घेतो. गरुड आणि शिक्रे मारतात ते पंजांनी. ससाणा सहसा घरटे बांधत नाही. कड्याच्या कपारीत किंवा दुसऱ्याच्या जुन्या घरट्यात अंडी घालतो. हे फरक जाणत्यांना जुनेच ठाऊक होते. २००८ साली १६९ जातींच्या पक्ष्यांच्या डीएनएचा अभ्यास ‘सायन्स’मध्ये आला, आणि ससाण्याचे जवळचे नातलग म्हणून पोपट आणि गाणारे पक्षी पुढे आले. पेरूवर बसलेला पोपट ससाण्याला जवळचा, आकाशात घिरट्या घालणारी घार दूरची. मन हे लवकर मानत नाही. मानावे म्हणून त्याला ढकलू नका. न मानणारे मनही पाहण्याजोगे असते. घुबडांची शाखा तर आणखी वेगळी.

इथून गिधाडाकडे वळू.

जगात गिधाडांच्या २३ जाती आहेत. त्यांतल्या ७ अमेरिका खंडांत; अँडीज आणि कॅलिफोर्नियाचे काँडोर त्यांतच आले. उरलेल्या १६ आशिया, आफ्रिका आणि युरोपात. दोन्हीकडची गिधाडे शेजारी ठेवून पाहा. बहुतेकांच्या डोक्या-मानेवर पिसे नाहीत किंवा नावापुरती, रुंद पंख, पायांची नखे बोथट, कारण ते पाय चालण्याचे, दाबून धरण्याचे. वाटेल, भाऊच. आता आणखी जवळ जा आणि अमेरिकेतल्या टर्की गिधाडाची नाकपुडी पाहा. मध्ये पडदाच नाही. एका बाजूने पाहिले तर नाकातून पलीकडचे आकाश दिसते. आपल्याकडच्या गिधाडांना नाकात पडदा असतो. टर्की गिधाड वासावर चालते. दाट झाडीखाली पडलेले, वरून न दिसणारे मढे ते हुंगून काढते. आपली गिधाडे नजरेवर चालतात, आणि एकमेकांवरही नजर ठेवतात. एक खाली उतरले की दूरचे दुसरे ते पाहून वळते, त्याला पाहून तिसरे.

अमेरिकेतली गिधाडे आणि आपली गिधाडे ही वेगवेगळी घराणी आहेत. काही काळ शास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या गिधाडांना करकोच्यांच्या गटातही नेऊन बसवले होते; नंतर परत आणले. आपल्याकडेही सगळी गिधाडे एका शाखेची नाहीत. पांढरे गिधाड आणि हिमालयातले दाढीवाले गिधाड मोहोळघारीच्या बाजूचे. बाकीची सर्पगरुडाच्या बाजूची. म्हणजे गिधाडपण जगात निदान तीनदा, तीन वेगळ्या शाखांत उपजले. मेलेले खाण्याचे काम सगळीकडे होते. त्या कामाने मानेवरची पिसे उतरवली, पंख रुंद केले, नखांची धार घालवली.

या ठिकाणी थांबा. कामाने रूप किती घडते, हे स्वतःच्या हातांकडे पाहूनही तपासता येईल. घाई नाही.

आपल्या पुराणांतही पक्ष्यांची एक वंशावळ आहे. विनतेचे दोन मुलगे, अरुण आणि गरुड. अरुणाचे मुलगे संपाती आणि जटायू. म्हणजे गरुड हा जटायूचा सख्खा चुलता. इगतपुरी तालुक्यातल्या टाकेदला आजही जटायूच्या आठवणीने लोक जातात. पूर्वजांना डीएनए ठाऊक होता, असला निष्कर्ष यातून काढायचा नाही. त्यांनी आकाशात गरुड आणि गिधाड दोघांना पाहिले आणि एका घरातले मानले, एवढेच. ते मानणे चुकले नव्हते.

आता मढ्याजवळ जाऊ. मनाला किळस आली तर तिला नाव द्या आणि बाजूला बसवा.

बिकानेरजवळ जोडबीड इथे मेलेली जनावरे टाकतात. हिवाळ्यात तिथे काळी गिधाडे, हिमालयी गिधाडे, युरेशियन गिधाडे, पांढरी गिधाडे आणि स्टेप गरुड एकाच वेळी दिसतात. हे जेवण पंगतीसारखे चालते, प्रत्येकाचा वाटा निराळा. काळ्या गिधाडाची चोच भक्कम. ते जाड कातडे फाडू शकते. लांब मानेची गिधाडे आत डोके घालून मऊ मांस आणि आतडी ओढतात. त्या मानेवर पिसे असती तर रक्ताने चिकटून बसली असती. पांढरे गिधाड कडेने फिरत सांडलवंड टिपते. हिमालयात शेवटी दाढीवाले येते. त्याचे मुख्य अन्न हाडे. मोठे हाड ते उंच नेऊन खडकावर टाकते आणि फुटलेले तुकडे गिळते. कातड्यापासून मगजापर्यंत काही वाया जात नाही. विविधता म्हणून आपण जिचे कौतुक करतो, ती इथे अशी कामाची वाटणी होऊन बसली आहे.

याच पंगतीत विष आले. जनावरांना सूज आणि दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या अंगात उरत होते. ते खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड काही दिवसांत बंद पडते आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर बसतो. पाकिस्तानातल्या अभ्यासातून लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी हे कारण शोधले. ते २००४ साली ‘नेचर’मध्ये आले. शंभरांत एखादे मढेही दूषित नसले, तरी एवढा नाश व्हायला पुरेसे होते. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारात एक उरली. मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करणाऱ्या पारशी समाजाला मुंबईत डुंगरवाडीवर अंत्यविधीसाठी सूर्याची उष्णता एकवटणारे आरसे बसवावे लागले.

आणि आता या मननातली सगळ्यात अवघड जागा. अमेरिकेतल्या टर्की गिधाडाला हेच औषध, आपल्या गिधाडाला मारणाऱ्या मात्रेच्या शंभरपटीहून जास्त देऊन पाहिले. त्याला काही झाले नाही. तेच बोडके डोके, तेच काम, पण मूत्रपिंड दुसऱ्या घराण्याचे. उलट जोडबीडला दोन स्टेप गरुड मेलेले सापडले. त्यांच्या अंगात डायक्लोफेनॅक होते आणि मूत्रपिंडाची तीच गत झाली होती. गरुड दिसायला गिधाडापेक्षा वेगळा, पण घराणे एकच. काका-पुतण्याच्या नात्याचा दाखला असा विषाने दिला.

काम पाहून गट करणे आणि रक्त पाहून गट करणे, दोन्ही का लागते, हे इथे कळते. मढे कोण संपवणार, हे कामावरून समजते. विष कोणाला मारणार, हे रक्तावरून.

आणखी एक बारीक भेद पाहू. लांब चोचीचे गिधाड आणि सडपातळ चोचीचे गिधाड ही दोन्ही बराच काळ एकच जात मानत. पहिले कड्यांवर घरटे करते. नाशिकजवळ अंजनेरीच्या कड्यांवर ते आहे. दुसरे हिमालयाच्या पायथ्याला आणि आसामात झाडांवर करते. पामेला रासमुसेन आणि स्टीव्हन पॅरी यांनी २००१ साली ती वेगळी दाखवली.  जुन्या मोजणीत दोघांचे आकडे एकत्रच होते. वेगळी केल्यावर कळले की सडपातळ चोचीचे फारच थोडे उरले आहे. ओळख नसती, तर ते एकाच्या आड दुसरे असे गुपचूप संपले असते.

आता पुन्हा वर पाहा. घार तिथेच असेल. गिधाड बहुधा नसेल. महाराष्ट्रात ते रायगडच्या म्हसळा भागात आहे, गडचिरोलीत आहे. हरयाणातल्या पिंजोरच्या केंद्रात वाढवलेली काही गिधाडे २०२४ साली ताडोबा आणि पेंचला आणली आहेत. पण या गिधाडांची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लाला वयात यायला चार-पाच वर्षे लागतात. गेलेली संख्या भरून यायला आपले आयुष्य पुरणार नाही.

जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ साली बंदी आली, केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवर २०२३ साली. त्याच दुखण्यांवरचे मेलॉक्सिकॅम गिधाडांना सुरक्षित आहे. तेव्हा तुमच्या किंवा ओळखीच्या कोणाच्या गोठ्यात बैल सुजला, गाय तापली, तर डॉक्टरांनी दिलेल्या बाटलीवरचे नाव वाचा, आणि मेलॉक्सिकॅम चालेल का, एवढे विचारा.