आपल्या वाट्याचे कागद

गेल्या कार्तिकीच्या आधी माझा नातू, मुलीचा मुलगा, दोन दिवस गावी येऊन राहिला. वय 31. पुण्याला हिंजवडीत एका मोठ्या कंपनीत संगणकाचे काम करतो. त्यालाही आता 9 वर्षे झाली. रात्री जेवणे झाल्यावर पडवीत बसलो, तेव्हा म्हणाला, "नाना, राजीनामा द्यायचा विचार आहे. मला चित्रं काढायची आहेत, लहान मुलांच्या पुस्तकांची. दोन-तीन प्रकाशकांची कामं मी रात्री जागून करतोच आहे. आता तेच पोटापाण्याचं करावं म्हणतो. स्वतःचं काम, स्वतःची वेळ, कुणाची चाकरी नको." थोडा थांबून पुढे म्हणाला, "तुम्हीही तर नोकरी सोडली होती."

त्या शेवटच्या वाक्यासाठी पोरगा पुण्याहून आला होता. त्याला माझा दाखला हवा होता.

वाचक माउलींनो, दाखला देणे ही कीर्तनकाराची सवय. पण दाखला मोठ्या जोखमीची वस्तू आहे. आपल्या परंपरेत काम न सोडलेले संत आहेत आणि सोडलेलेही आहेत. सावता महाराज अरणच्या मळ्यातून हलले नाहीत. आजही पांडुरंगाची पालखी त्यांच्या भेटीला अरणला जाते. गोरोबाकाकांनी तेरला माती तुडवणे टाकले नाही. जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्याचा कारभार सांभाळत होते आणि नाथमहाराजांना त्यांच्याच पायाशी बोध झाला. उलट ताहराबादच्या महिपतींनी कुलकर्णीपण टाकले. म्हणजे ज्याला सोडायचे आहे त्यालाही संत सापडतो, आणि ज्याला दुसऱ्याला अडवायचे आहे त्यालाही सापडतो. म्हणून संतांनी काय केले एवढे पाहून भागत नाही. कसे केले, ते पाहावे लागते.

महिपतींचेच पाहू. राहुरी तालुक्यातले ताहराबाद हे त्यांचे गाव. जन्म 1715 चा. वडिलांकडून कुलकर्णीपण आलेले. गावाचे दप्तर त्यांच्या हाती. परंपरा सांगते, की एके दिवशी ते पूजेला बसले असता जहागीरदाराचा शिपाई बोलवायला आला. पूजा उरकून येतो म्हणाले, तर तो अद्वातद्वा बोलू लागला. महिपती पूजेवरून उठले, कचेरीत गेले, काम पुरे केले, आणि घरी येऊन लेखणी देवापुढे ठेवली. यापुढे ही लेखणी चाकरीसाठी उचलायची नाही, संतांची चरित्रे लिहिण्यापुरतीच उचलायची, असा नेम केला. पुढे 1762 साली 57 अध्यायांचा भक्तविजय पूर्ण झाला, 1774 साली 51 अध्यायांचे भक्तलीलामृत झाले. आम्हा कीर्तनकारांची तर सारी शिदोरीच तिथली.

हा प्रसंग मी कीर्तनात शेकडो वेळा सांगितला. लेखणी देवापुढे ठेवली म्हटले, की टाळकरी उसळायचे. पण त्यातल्या दोन बारीक गोष्टी मला फार उशिरा उमगल्या. पहिली ही, की अपमान झाला त्या क्षणी महिपतींनी लेखणी फेकली नाही. आधी कचेरीत जाऊन हातातले काम पुरे केले. नाथांनी देवगिरीला एका पैची चूक शोधण्यासाठी रात्रभर वह्या चाळल्याची कथा आपण ऐकतो. तीही हेच सांगते. ज्याचा हिशेब द्यायचा आहे तो देऊन मग उठावे. दुसरी गोष्ट, महिपतींनी लेखणी सोडली नाही, लेखणीची चाकरी सोडली. गावाचा हिशेब लिहिता लिहिता बसलेले वळण पुढे संतचरित्राच्या कामी आले. नातवाला मी म्हटले, "9 वर्षं वाया गेली असं म्हणू नकोस. दिलेल्या मुदतीत काम पुरं करायला तू तिथंच शिकलास. ते चित्राच्याही कामी येईल."

तो म्हणाला, "पण नाना, मला तिथं गुदमरतं." खोटे बोलत नव्हता. तरी गीतामाउलीचा अठरावा अध्याय इथे आडवा येतो. भगवंतांनी त्यागाचे तीन प्रकार सांगितले आहेत. कर्तव्य मोहाने टाकले तर तो तामस त्याग. कष्ट होतात, देहाला त्रास होतो म्हणून टाकले तर राजस. आणि कर्म करीत राहून आसक्ती व फळ सोडले तर सात्त्विक. राजस त्यागाला त्यागाचे फळ मिळत नाही, असा तिथे स्पष्ट निवाडा आहे. त्रास खराच असतो, पण जो निव्वळ त्रासातून निघतो तो पुढच्या त्रासाच्या दारातही थांबत नाही. म्हणून मी त्याला विचारले, "उद्या साहेब चांगला मिळाला, काम हलकं झालं, तर चित्रांचं काय?" तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "तरी काढावीच लागतील." हे उत्तर मला आवडले. त्यात पळणे नव्हते.

आता मुख्य गोष्ट. तुकोबारायांच्या घरी महाजनकी होती, सावकारीही होती. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात सारे बुडाले. पहिली पत्नी गेली, मुलगा गेला. भामनाथाच्या डोंगरावरून परतल्यावर त्यांनी लोकांकडून येणे असलेली कर्जखते इंद्रायणीत बुडवली, हे आपण सगळे जाणतो. पण परंपरेत पुढचा तपशीलही आहे, तो पटकन निसटतो. धाकटे बंधू कान्होबा तिथे होते. त्यांना त्यांचा प्रपंच पाहायचा होता. तुकोबांनी कागदांचे दोन वाटे केले. कान्होबांचा वाटा त्यांच्या हाती दिला आणि फक्त आपला वाटा नदीत सोडला.

केवढा विवेक आहे पाहा! वैराग्याचा एवढा भर, समोर इंद्रायणी वाहते आहे, आणि हा महात्मा कागद मोजून वाटणी करतो आहे. आपले वैराग्य भावाच्या ताटातून काढून घ्यायचे नसते, हे त्या क्षणीही त्यांना दिसत होते. उदारपण दाखवायचे ते स्वतःच्या गाठीचे. दुसऱ्याच्या गाठीचे सोडून दिले तर त्याला त्याग म्हणत नाहीत.

इथे मला माझी गोष्ट सांगणे भाग आहे. नातवाने तिचाच दाखला मागितला होता. मी एका सहकारी संस्थेत कारकून होतो. 1978 साली, ऐन तिशीच्या आत, राजीनामा दिला आणि कीर्तनाला लागलो. लोकांनी कौतुक केले. हारही घातले. घरी दोन लहान मुली होत्या. पहिली चार वर्षे महिन्याकाठी दोन-तीन कीर्तने, तीही पावसाळ्यात बंद. आमच्या मंडळींनी पाटल्या मोडल्या आणि दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जाऊ लागल्या. मी व्यासपीठावरून वैराग्य सांगत होतो, त्या दिवसांत घरचे मीठ-मिरची त्यांच्या रोजगारातून येत होती. मी कागद बुडवले खरे, पण दोन वाटे केले नव्हते. त्यांना विचारलेही नव्हते. हे मी आजवर कोणत्याही कीर्तनात सांगितलेले नाही.

दुसरे वैगुण्य याहून सूक्ष्म. मीही नातवासारखाच म्हणत होतो, आता कुणाची चाकरी नाही. कीर्तनाचे मोल घेऊ नये, ही तुकोबारायांची शिकवण पाठ होती. तरी बिदागीवर घर चालते म्हटल्यावर मन हळूच हिशेब करू लागले. कोणत्या गावचा सप्ताह मोठा, कोणत्या दृष्टांताला लोक हसतात, कोण पुढच्या वर्षी तारीख देईल. जिथे पाकीट जड, तिथे माझा आवाज जरा जास्तच मोकळा लागायचा. कचेरीत एक साहेब होता आणि पाच वाजता सुटका होती. इथे गावोगावी साहेब झाले आणि सुटका कधीच नाही. स्वतःच्या मर्जीने काम करणाऱ्याला ही भीती अधिक, कारण जी गोष्ट त्याला प्राणाहून आवडते तीच तो बाजारात मांडतो. विकायला बसलेले चित्र गिऱ्हाईकाच्या डोळ्यांनी पाहायची सवय लागते. म्हणून थोडे तरी चित्र असे असावे की ज्याचे बिल करायचे नाही. मी पुढे वर्षातली काही कीर्तने अशी ठेवली, जिथे नारळसुद्धा घेतला नाही. त्यांनीच मला तारले असे वाटते.

नातवाला मी हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. घराचे हप्ते किती उरले विचारले. 11 वर्षांचे, म्हणाला. कर्ज दोघांच्या नावावर. बायको शाळेत शिक्षिका आहे. तिला काय वाटते, विचारले. "तिला अजून सांगितलं नाही," म्हणाला. मग मी म्हणालो, "माझ्याकडे आधी का आलास? पुण्याला जा. वही घेऊन तिच्यासमोर बस. तुझ्या वाट्याचं काय आणि तिच्या वाट्याचं काय, दोन रकाने आख. ती राजी नसेल तर तिचा रकाना तुझ्या नदीत जाणार नाही. तुझ्या रकान्यातलं जे आहे, तुझी हौसमौज, तुझा मान, पगाराचा आकडा सांगताना छाती फुगते ती, ते सगळं सोड. त्यासाठी माझा दाखला नको."

आमच्या मंडळी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. आत गेल्यावर मी त्यांना म्हटले, "मी तेव्हा तुम्हाला विचारायला हवं होतं." त्या अंथरूण झटकत म्हणाल्या, "विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. पण विचारलं नाही." एवढेच बोलल्या आणि दिवा मालवला.

त्या 'पण'चे उत्तर माझ्यापाशी नाही. ते पांडुरंगापाशी मागावे लागेल.

पंधरा दिवसांनी नातवाचा फोन आला. दोघांनी मिळून वही केली आहे. हप्त्यांचा भार निम्म्यावर येईपर्यंत नोकरी ठेवायची, पहाटे दोन तास चित्रांचे, आणि रात्रीचे जागरण बंद. दोन-अडीच वर्षे लागतील म्हणाला. मी म्हटले, "लागू देत. तू ठरवलं असतंस तर दोन दिवसांत झालं असतं. दोघांनी ठरवलं म्हणून दोन वर्षं लागणार."

सोडावे की धरावे, हा प्रश्न संतांनी फारसा महत्त्वाचा मानलेला दिसत नाही. सावतोबांनी मळा धरला, महिपतींनी दप्तर सोडले, आणि विठ्ठल दोघांचाही झाला. पण हातातले काम अपुरे टाकून, दुसऱ्याचा वाटा बुडवून कोणी त्याच्याकडे गेल्याचे आमच्या परंपरेत ऐकिवात नाही. ज्यांच्या मनात आज असा काही विचार घोळत असेल, त्यांनी इंद्रायणीच्या काठी जाण्याआधी घरातच बसून कागद मोजावेत. आपले किती, कान्होबांचे किती.

रामकृष्ण हरी.