विजन आणि मनाचे स्वास्थ्य

श्रीचक्रधर स्वामींनी साधकास जो नित्यविधी निरोपिला त्यात अटन, विजन, भिक्षा, भोजन असा क्रम आहे. यांतील विजन हा शब्द वरवर पाहता सोपा वाटतो. जेथे जन नाहीत ते विजन. गावाबाहेर, वहिवाटीच्या रस्त्यापासून दूर, झाडातळी अथवा एखाद्या ओस देवळीत साधकाने बसावे, एवढे सर्वांस ठाऊक असते. परंतु तेथे कशासाठी बसावे असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर येते, ‘मनाला शांती मिळावी म्हणून.’ हे उत्तर अगदीच खोटे आहे असे नाही. ते अपुरे आहे, आणि त्या अपुरेपणातच साधकाची हानी दडलेली आहे.

एखादा वासनिक घ्यावा. भावाभावांत वाटणी झाली, बांधावरून शब्दाला शब्द लागला, बोलणे तुटले. घरातील अन्न गोड लागेना. तेव्हा तो चार दिवस घर सोडून रिद्धपुरास किंवा फलटणास जातो, स्थानांना दंडवत घालतो आणि गावाबाहेर एका झाडाखाली जाऊन बसतो. पहिली घटका बरी जाते. सावली असते, वारा असतो, कोणी हाक मारीत नाही. मग हळूहळू तो बांध तेथे येतो. भाऊ येतो, भावजय येते, तलाठी येतो, साक्षीदार येतात. घरी असताना निदान बैलांना वैरण घालावी लागे, आल्यागेल्याशी दोन शब्द बोलावे लागत. त्यामुळे त्या भांडणास मधूनमधून खंड पडे. येथे तोही नाही. दिवस मावळेपर्यंत तो मनातल्या मनात तीन वेळा कचेरीत जाऊन येतो आणि तिन्ही वेळा दावा जिंकतो. घरून निघताना होता त्याहून अधिक क्षुब्ध होऊन तो उठतो व म्हणतो, ‘आपल्याला एकांत मानवत नाही.’

त्याला एकांत घडलाच नव्हता. जन मागे राहिले होते, पण जनांविषयीचे विकार आणि विकल्प त्याच्याबरोबर झाडाखाली आले होते. (आता तर खिशातील भ्रमणध्वनीच्या रूपाने प्रत्यक्ष जनही येतात, पण तो दोष निदान ओळखू येण्याजोगा आहे.)

येथे निवळीच्या बियेचा दृष्टांत उपयोगी पडतो. पावसाळ्यात ओढ्याचे गढूळ पाणी घागरीत भरून ठेवले तर जड माती तळाशी बसते, पण बारीक गाळ तसाच तरंगत राहतो. घागर कितीही दिवस एका कोपऱ्यात निश्चल ठेवली तरी पाण्याचा गढूळपणा पुरता जात नाही. म्हणून जुन्या बायका घागरीच्या आतल्या अंगाला निवळीची बी उगाळीत. मग तो बारीक गाळ एकत्र होऊन खाली बसे. विजन ही घागर स्थिर ठेवण्याची क्रिया होय. स्मरण ही निवळी होय. दृष्टांत एकदेशी असतो हे ध्यानात ठेवावे. तळाशी बसलेला गाळ म्हणजे नष्ट झालेला गाळ नव्हे, आणि जीवाची अनादि अविद्या परमेश्वरकृपेवाचून केवळ आपल्या बळाने कोणाची गेलेली नाही. तथापि मनाला नुसते थांबविणे आणि त्यात काही घालणे, या दोहोंतील अंतर कळण्यास एवढा दृष्टांत पुरे.

मग स्मरण कसे करावे? नाम घ्यावे, मूर्ती आठवावी, लीळा आणि चेष्टा आठवाव्यात. क्षुब्ध मनाला नुसते नाम पुष्कळदा धरवत नाही. ओठ चालतात, मन बांधावर उभे असते. अशा वेळी लीळेचा आश्रय अधिक हितकर ठरतो, कारण लीळेत मनाला काम मिळते. स्वामी कोणत्या गावी होते, कोणत्या बाजूस मुख करून बसले होते, जवळ बाइसा होत्या की भटोबास, कोणी काय विचारले, स्वामींनी काय उत्तर दिले, हे क्रमाने आठवावे लागते. पूर्वसूरींनी स्थानपोथी सिद्ध करून स्वामींची बसण्या-उठण्याची स्थळे नोंदवून ठेवली आणि त्या स्थळी ओटे बांधले गेले, ते केवळ यात्रेच्या सोयीसाठी, असे मानणे कोते आहे. ओटा हा आठवणीचा आधार आहे. तेथे माथा टेकल्यावर त्या ठिकाणची लीळा आठवली नाही, तर दगडास दगड म्हणूनच स्पर्श झाला.

येथे एक शंका संभवते. स्वामी स्वतः सालबर्डीच्या डोंगरात बारा वर्षे राहिले. लीळाचरित्राच्या एकांकात तर त्यांचे एकाकी संचारच वर्णिले आहेत. मग साधकानेही तसेच दीर्घकाळ रानात का राहू नये? याचे उत्तर असे की, परमेश्वरास साधनेची अपेक्षा नाही. त्यांना निवविण्याजोगे मन नाही, फेडण्याजोगे कर्म नाही. जीवाची गोष्ट निराळी. सालबर्डी ही साधकाने आठवावयाची लीळा आहे. तिचा देखावा करू जाणे हा अविचार होय. शिवाय नुसते सुख ही कसोटीच नव्हे. सुख देवतांच्या फळांतही आहे, आणि ते नाशवंत आहे हे शास्त्र सांगते. झाडाखाली बरे वाटले, तेवढ्यावर विजन सफळ झाले असे समजू नये.

विजन कशाने सफळ होते ते भटोबासांच्या चरित्रात दिसते. स्वामींनी उत्तरापंथे गमन केले. पुढे श्रीप्रभूही गेले. दोन्ही सन्निधाने अंतरली. त्यानंतरच्या काळात नागदेवाचार्य रिद्धपुरी वाजेश्वरीत विजन करीत बसलेले असत. म्हाइंभटांनी त्यांना विचारले, आपण येथे कशाचे मनन करता? स्वामींच्या लीळांचे, असे त्यांनी सांगितले. तेव्हा म्हाइंभटांनी त्या लीळा आपणांस सांगाव्यात अशी विनंती केली, आणि तेराव्या शतकाच्या अखेरच्या चरणात लीळाचरित्र आकारास आले, असे परंपरा सांगते. यातील एक गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. भटोबासांचे दुःख सामान्य नव्हते. असन्निधानाचे दुःख घेऊन ते बसले होते, आणि ते दुःख विसरण्यासाठी ते लीळा आठवीत नव्हते. ज्यांच्या वियोगाने दुःख झाले, त्यांनाच ते आठवीत होते. शिवाय कोणी येऊन विचारल्यावर त्यांनी एकांत मोडला म्हणून त्रासही मानला नाही. साऱ्या पंथाची शिदोरी त्या विजनातून बाहेर आली.

साधूंनी एका वेगळ्या धोक्याविषयी सावध असावे. गृहस्थाचा बांध त्याला झाडाखाली सोडीत नाही. साधूला झाडच सोडीत नाही. ही सावली बरी, हा ओढा बारमाही, येथे कोणी येत नाही, असे करता करता ‘माझे विजनस्थान’ हा शब्द तोंडी येतो. आपला देश, आपले गाव, आपले संबंधी यांचा त्याग केलेला मनुष्य शेवटी एका लिंबाच्या बुंध्याशी संबंध जोडून बसतो, आणि दुसरा साधू तेथे आधी येऊन बसला तर त्याच्या कपाळाला आठी पडते. म्हणूनच विजनाबरोबर अटन सांगितले आहे. आणि म्हणूनच विजनानंतर भिक्षा आहे. मध्यान्ह झाली की ते झाड सोडून, झोळी घेऊन ज्या लोकांपासून दूर बसावयाचे त्यांच्याच दारी जावे लागते. घर निवडता येत नाही. कोणी वाढते, कोणी ‘पुढे जा’ म्हणते, कोणी दार लावून घेते. सकाळी झाडाखाली स्वस्थ वाटलेले मन त्या लावलेल्या दारापुढे कसे राहते, ते तेथे कळते.