विद्यार्थ्याचा वेळ कोणाचा?

जून महिना लागला म्हणजे पुष्कळ विद्यार्थी नव्या वहीच्या पहिल्या पानावर वेळापत्रक आंखतात. पहांटे पांचास उठणें, सहापर्यंत पाठांतर, मग गणित. रात्रीं दहास निजणें. खालीं लाल शाईनें ध्येय लिहिलेलें असतें: अमुक इतके गुण, अमुक नोकरी. हें चांगलेंच आहे. वेळ बांधल्यावांचून विद्या होत नाहीं. आणि न बांधलेला वेळ हातांतला मोबाइल केव्हां गिळून टाकतो तें कळतही नाहीं. परंतु त्यापूर्वीं एक प्रश्न विचारावयास पाहिजे. जे तास आपण वांटीत आहों, ते आहेत कोणाचे?

अमेरिकेंतील बेंजामिन फ्रँकलिन यानें आपल्या आत्मचरित्रांत दिवसाचा आराखडा दिला आहे. पांचास उठून आज कोणतें सत्कृत्य करावयाचें हें तो मनाशीं योजी, व सायंकाळीं त्याचा हिशेब घेई. तेरा सद्गुणांची एक लहानशी वहीही त्यानें ठेविली होती. त्यांपैकीं सुव्यवस्था हा गुण आपणांस फार जड गेला, असें तो मोकळेपणानें सांगतो. आणि त्याचें कारणही मार्मिक देतो. ज्याचा वेळ त्याच्या स्वाधीन आहे त्यास आराखडा पाळतां येईल. ज्यास इतरांच्या सोयीनें त्यांची गांठ घ्यावी लागते त्यास तो तंतोतंत साधत नाहीं. म्हणजे वेळापत्रक पाळतां येणें हीच एक मिळकत आहे, आणि ती सर्वांजवळ नसते.

आमच्याजवळ ती होती. आम्ही शाळेंत असतां पहांटे दोन तास अभ्यास करीत असूं, व आपल्या नियमितपणाचा आम्हांस अभिमान वाटे. त्याच दोन तासांत आमची धाकटी बहीण विहिरीवरून पाणी आणी, शेण काढी, चूल पेटवी. आमच्या वेळापत्रकांत 'पाणी' हा शब्द कोठेंच नव्हता. तो नव्हता म्हणूनच तें पाळलें गेलें. सातवीनंतर तिची शाळा सुटली. घरांत तिला कोणीं वाईट वागविलें असें नाहीं. तिच्या तासांचा कोणीं विचारच केला नाहीं, इतकेंच.

कोणी म्हणेल, घरच्यांचें एवढें ऋण मानलें तर ध्येयही त्यांनींच ठरवावें काय? बाप म्हणतो नर्स हो, आणि मुलीच्या मनांत वकिली आहे. हा प्रश्न खरा आहे. आमचें मत असें कीं ऋणानें ध्येयावर मालकी येत नाहीं. १९२० सालीं डॉ. आंबेडकर मुंबईची प्राध्यापकी सोडून आपला अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यास लंडनास गेले, आणि १९२३ सालीं डी. एस्सी. झाले. ध्येय त्यांचें स्वतःचें होतें. परंतु ते तेथें ग्रंथालयांत बसत, तेव्हां इकडे रमाबाई अत्यंत ओढगस्तींत संसार रेटीत होत्या. त्या १९३५ सालीं निवर्तल्या. पुढें पाकिस्तानाच्या प्रश्नावर १९४० सालीं लिहिलेला ग्रंथ डॉक्टरांनीं त्यांच्या स्मृतीस अर्पण केला, व हलाखीच्या दिवसांत त्यांनीं बरोबरीनें सोसल्याची नोंद त्या अर्पणपत्रिकेंत केली. ज्यांनीं तास दिले त्यांस ध्येय ठरविण्याचा हक्क नाहीं. पण तें जाणण्याचा व आपलें देणें कोणीतरी ओळखिलें हें पाहण्याचा आहे. (रमाबाईंस तें पाहावयास मिळालें नाहीं.)

ऋणाच्या ओझ्यानें पुस्तक मिटून बसणें हेंही बरें नव्हे. दिलेला तास वाया घालविल्यानें देणाऱ्याचे श्रम परत येत नाहींत. विद्यार्थ्यानें इतकें करावें कीं वेळापत्रक भिंतीस लावण्यापूर्वीं तें चुलीपाशीं बसून वाचून दाखवावें. पाणी, गुरें, धाकट्या भावंडांचे धडे, ह्यांस त्यांत जागा आहे काय, हें आईला आणि बहिणीला विचारावें. अर्धा पाऊण तास जाईल, जाऊं द्यावा. परीक्षेच्या महिन्यांत सवलत लागेल. ती मागून घ्यावी, गृहीत धरूं नये.

गेल्या वर्षीं बहिणीच्या घरीं गेलों असतां आम्हीं तिला सहज विचारिलें, त्या वेळीं सकाळीं किती खेपा होत असत? आतां तिला काय आठवणार, असें आम्हांस वाटलें होतें. ती भाकरी थापीत होती. हात न थांबवितां म्हणाली, "सहा, दादा. पावसाळ्यांत चार."