खड्डा कुणाचा?

धर्मग्रामाचा सण म्हटला की मंडप आला, रोषणाई आली, बाहेरगावचे पाहुणे आले, आणि पाहुण्यांबरोबर त्यांची वाहनेही आली. सणाच्या दुसऱ्या दिवशी एखादा पाहुणा तक्रार घेऊन दाराशी उभा राहतो. मंडपाच्या खांबासाठी खणलेला, पण न वापरता उघडाच राहिलेला खड्डा अंधारात दिसला नाही; स्कूटरचे चाक त्यात गेले, दिव्याची काच फुटली, मडगार्ड वाकले. रक्कम क्षुल्लकच. पण प्रश्न क्षुल्लक नाही.

कमिटीच्या बैठकीतील उत्तरे ठरलेली असतात. वाहने स्वतःच्या जबाबदारीवर ठेवावीत, असा फलक लावला होता. खड्डा मंडपवाल्याने खणला. एकाला दिले तर उद्या दहा येतील. शिवाय पैसा वर्गणीचा. यातील शेवटची शंका तेवढी आम्हांला विचार करण्याजोगी वाटते. बाकीच्या पळवाटा होत. फलक लावला म्हणून खड्डा झाकण्याचे काम पाहुण्याचे होत नाही!

निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात जवळजवळ हाच खटला आहे. उघड्या ठेवलेल्या खड्ड्यात कुणाचा बैल वा गाढव पडून मेले, तर खड्ड्याच्या धन्याने किंमत भरावी आणि मेलेले जनावर त्याने घ्यावे. हे दुसरे कलम मोठे शहाणपणाचे. भरपाईने उणीव भरून निघावी, घेणाऱ्याला नफा होऊ नये. काचेची काच द्यावी. मडगार्ड आधीच गंजलेले असेल तर तेही मोकळेपणाने बोलावे, मात्र पाहुण्याला लबाड न ठरवता.

सेमिनरीतील जुने नीतिग्रंथ येथे एक बारीक भेद करतात. नैतिक दोष नसेल, तर न्यायालयाचा निवाडा होईपर्यंत सदसद्विवेकबुद्धीवर भरपाईचे बंधन नाही. भेद खरा आहे. पण त्याचा आसरा घेण्यापूर्वी आयोजकांनी आठवून पाहावे की, तो खड्डा सायंकाळी खरोखर कुणालाच दिसला नव्हता काय? बहुधा कुणीतरी म्हटलेले असते, ‘सकाळी बुजवू.’

आता वर्गणी. संत थॉमस अक्वायनस यांनी भरपाईचा विचार दानधर्माखाली नव्हे, न्यायाखाली केला आहे. तेव्हा ही रक्कम मंडपाच्या भाड्यासारखाच सणाचा खर्च ठरते व ती हिशेबात उघडपणे लिहावी. फादरांनी आपल्या खिशातून गुपचूप पैसे देणे उदारपणाचे दिसते खरे. पण त्याने पाहुण्याच्या हक्काची भिक्षा होते आणि कमिटी पुढच्या वर्षीही खड्डा तसाच सोडते.

मंडपवाल्याशी काय भांडायचे ते मागाहून भांडावे. त्यासाठी पाहुण्याला ताटकळत ठेवू नये.